खातं बंद करता आलं पाहिजे

एखाद्या कार्यालयाची किंवा महाविद्यालयाची संगणक-व्यवस्था कशी चालली आहे हे समजून घ्यायचं असेल, तर नव्या माणसाला लॉगिन किती लवकर मिळतं हे विचारून फारसं काही कळत नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाचं लॉगिन आज कुठेकुठे चालतं, हे विचारावं. सर्व्हर सांभाळण्याच्या कामात वर्षं गेल्यावर माझं मत या एका प्रश्नाभोवती पक्कं झालं आहे. मध्यम आकाराच्या कुठल्याही संस्थेत आज मेल सर्व्हर असतो, सामायिक फाइलींसाठी साम्बा असतो, वेबसाइटवर मजकूर चढवायला एफटीपी असतं, वाय-फायसाठी रेडियस असतं, अंतर्गत कामाचं एखादं वेब-पोर्टल असतं आणि सर्व्हरवर थेट काम करणाऱ्या मोजक्या लोकांसाठी एसएसएच असतं. यातल्या प्रत्येक सेवेला स्वतःची युझर-यादी ठेवता येते, आणि कुणी मुद्दाम वेगळं ठरवलं नाही तर ती तशीच ठेवली जाते. मग एका माणसाच्या सहा ठिकाणी सहा नोंदी होतात. नोंदी करताना त्याचा जाच जाणवत नाही, कारण ज्याला मेल हवी असते तो ती मिळेपर्यंत फोन करत राहतो. बंद करण्यासाठी मात्र कुणाचाच फोन येत नाही. गेलेला माणूस त्याच्या वाटेने गेलेला असतो, साहेबांचं लक्ष नव्या माणसाच्या हजर होण्याकडे असतं, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो माणूस गेल्याचं बहुधा कुणी कळवलेलंही नसतं. म्हणून खाती साचत जातात. सगळ्या सेवांची लॉगिनं एका डेटाबेसमध्ये आणण्याचं मोल मला इथे दिसतं. लोक ते ‘एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागेल’ या सोयीसाठी करतात. माझ्या मते ते करावं ते खातं एका जागी, एका क्षणी बंद करता यावं म्हणून.

मुळात हा प्रश्न नव्हता, कारण यंत्रच एक होतं. युनिक्समध्ये युझरची यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक माणूस, आणि ओळीत कोलनने वेगळे केलेले सात रकाने: नाव, पासवर्ड, युझर क्रमांक, गट क्रमांक, माहिती, घरची डिरेक्टरी आणि शेल. ती फाइल सगळ्यांना वाचता येत असे, कारण फाइलींच्या यादीत क्रमांकाऐवजी मालकाचं नाव दाखवायलाही ती लागते. पासवर्ड तिच्यात हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या रूपात, ठेवलेला असे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये या व्यवस्थेचा अनुभव एका लेखात मांडला. त्यांनी गोळा केलेल्या 3,289 पासवर्डांपैकी 2,831 इतके आखूड किंवा इतके ओळखीचे होते की थोड्या शोधात सापडावेत. त्यावरचा उपाय म्हणून त्यांनी हॅशिंग मुद्दाम संथ केलं आणि त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डासाठी वेगळी यादृच्छिक भर, मिसळलं. तरी फाइल सर्वांना वाचता येतच होती. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या पहिल्या मोठ्या वर्मने याच उघड्या हॅशांवर जवळच्या 432 शब्दांची यादी चालवून पाहिली. तो वर्म त्याच रॉबर्ट मॉरिस यांच्या मुलाने लिहिला होता. हॅश वेगळ्या, फक्त रूटला वाचता येणाऱ्या शॅडो फाइलमध्ये नेण्याची पद्धत त्या सुमाराला रुळत गेली. इतकं होऊनही एका यंत्रापुरती ही रचना उत्तम आहे, आणि आजही प्रत्येक लिनक्स यंत्रावर ती आहे. यंत्रं वाढली तेव्हा ती अपुरी पडली.

यंत्रं वाढल्यावरचा पहिला व्यापक उपाय सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 1985 च्या सुमारास आणला. तो पुढे एनआयएस नावाने ओळखला गेला. एका मुख्य यंत्रावरच्या याद्या नेटवर्कवरच्या बाकी यंत्रांना पुरवायच्या, एवढी त्याची कल्पना. दुखणं असं की जो मागेल त्याला ती अख्खी यादी हॅशसकट मिळत असे. शॅडो फाइलने जे झाकलं ते एनआयएसने पुन्हा उघडं केलं. दुसरी अडचण प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात होती. लॉगिन तपासण्याची रीत ज्याच्या-त्याच्या कोडमध्ये लिहिलेली, त्यामुळे यादी हलवायची तर प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागे. 1995 मध्ये सनच्याच विपिन सामर आणि रोलंड शेमर्स यांनी पॅम नावाची रचना मांडली आणि तपासणी प्रोग्रॅमच्या बाहेर, बदलता येणाऱ्या मॉड्यूलांत काढली. मला या रचनेत सर्वात मोलाची वाटते ती तिने केलेली फोड. पासवर्ड बरोबर आहे का, हा एक प्रश्न. या माणसाला आत्ता इथे प्रवेश आहे का, हा दुसरा. पासवर्ड बदलणं तिसरं काम, आणि सत्राची मांडामांड चौथं. पहिल्या दोन प्रश्नांची गल्लत हेच खाती उघडी राहण्याचं सर्वात मोठं तांत्रिक कारण आहे. बहुतेकांना वाटतं की पासवर्ड गोठवला म्हणजे माणूस बाहेर राहिला. लिनक्समध्ये पासवर्ड कुलूपबंद करण्याची जी आज्ञा आहे, तिच्या माहिती-पानावरच स्पष्ट लिहिलं आहे की याने खातं बंद होत नाही, एसएसएचच्या किल्लीने माणूस तरीही आत येऊ शकतो.

आता डेटाबेसकडे. मेलसाठी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही जोडी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. दोघांनाही युझरची माहिती मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमधून घेता येते. 2006 मध्ये आलेल्या पोस्टफिक्सच्या 2.3 आवृत्तीपासून तर मेल पाठवणाऱ्याची ओळख पोस्टफिक्सने स्वतः तपासण्याचीही गरज राहिली नाही, ते काम त्याला डव्हकॉटवर सोपवता येतं. प्रोएफटीपीडीला एसक्यूएलचं मॉड्यूल आहे, अपाची वेब सर्व्हरला आहे, फ्रीरेडियसला आहे. म्हणजे सहांपैकी चार-पाच सेवा एका टेबलकडे वळवणं हे फार कौशल्याचं काम नाही. प्रत्येक सेवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक क्वेरी लिहायची: अमुक नावाच्या माणसाचा हॅश दे, त्याची मेलपेटी कुठे आहे ते दे. घसरण होते ती याच क्वेरीत. टेबलात ‘चालू’ नावाचा रकाना ठेवलेला असतो, माणूस गेला की त्यात शून्य घातलं जातं, आणि डव्हकॉटच्या क्वेरीत ती अट लिहिलेली असते पण एफटीपीच्या क्वेरीत राहून गेलेली असते. टेबल एक झालं, निर्णय मात्र सहा ठिकाणीच राहिला. यासाठी सेवांना मूळ टेबल दाखवूच नये. डेटाबेसमध्ये एक व्ह्यू करावा, त्यात फक्त आज वैध असलेली खाती दिसावीत, आणि सगळ्या सेवांनी त्या व्ह्यूलाच विचारावं. बंद खातं मग सेवेच्या लेखी अस्तित्वातच नसतं. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूची सोय 2005 च्या 5.0 आवृत्तीपासून आहे. तरीही मूळ टेबलावर थेट क्वेरी लिहायला शिकवणारी मार्गदर्शनं आजही जशीच्या तशी उतरवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या टेबलाची रचना कशी असावी यावर मी थोडं थांबणार आहे, कारण सगळं यश तिथे ठरतं. चालू-बंद असा एक अंक पुरेसा नाही. खातं कधीपासून आणि कधीपर्यंत, अशा दोन तारखा हव्यात, आणि आजची तारीख त्यांच्यामध्ये पडते का हे व्ह्यूने पाहावं. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक असतात, कंत्राटी कर्मचारी असतात, प्रकल्पापुरते नेमलेले संशोधक असतात. यांच्या नेमणुकीच्या आदेशातच शेवटची तारीख लिहिलेली असते. ती तारीख खातं उघडतानाच टेबलात गेली, तर बंद करण्याची आठवण कुणी ठेवायची हा प्रश्न उरत नाही. मुदत वाढली तर माणूस स्वतःच सांगायला येईल, कारण आता गरज त्याची आहे. पाठपुराव्याचा भार गरजवंताकडे गेला की व्यवस्था आपोआप चालते. दुसरी गोष्ट, माणूस गेला म्हणून ओळ कधीही पुसू नये. सात-बाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव कंसात जातं आणि त्याला फेरफाराचा क्रमांक लागतो, तशी ती ओळ तारीख घालून ठेवून द्यावी. याला तांत्रिक कारण आहे. लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक लिहिलेला असतो. ओळ पुसली आणि तो क्रमांक पुढे दुसऱ्या माणसाला दिला गेला, तर जुन्या माणसाच्या उरलेल्या फाइलींचा हा नवा माणूस मालक होतो. दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या याद्या असतील आणि नेटवर्कवरून एकमेकांच्या डिस्क जोडलेल्या असतील, तर हाच घोटाळा जिवंत माणसांमध्ये होतो: इथला 1003 कुणी एक, तिथला 1003 कुणी भलताच, आणि दोघांना एकमेकांच्या फाइली स्वतःच्या म्हणून उघडतात. क्रमांक एकाच टेबलातून वाटले गेले आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला दिला नाही, तर हे घडत नाही.

इतकं केल्यावरही खातं पूर्ण बंद झालं असं म्हणता येत नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय माझा मुद्दा अर्धवट राहील. डेटाबेस फक्त दारावर उत्तर देतो. जो आधीच आत आहे त्याला तो बाहेर काढत नाही. मोबाइलवरचं मेल अ‍ॅप सर्व्हरशी जोडणी उघडी धरून बसलेलं असतं. खातं बंद झालं तरी ती जोडणी तुटेपर्यंत नवी मेल तिथे पोचत राहते. डव्हकॉटमध्ये अशी जोडणी तोडण्याची आज्ञा आहे, ती वेगळी चालवावी लागते. वेब-पोर्टलवर एकदा लॉगिन झालं की ब्राउझरमधली कुकी पुढचे दिवस ओळख सांगत राहते. ठरावीक वेळी चालणारी कामं त्या माणसाच्या नावाने चालूच राहतात. एसएसएचचा किस्सा वर आलाच: किल्लीने येणाऱ्याला पॅमचा पासवर्डाचा प्रश्न विचारलाच जात नाही, पण सर्व्हरवर पॅमचा वापर चालू ठेवला असेल तर ‘आत्ता प्रवेश आहे का’ हा दुसरा प्रश्न त्यालाही विचारला जातो. म्हणून मुदतीची अट त्या दुसऱ्या प्रश्नाशी बांधावी. मग किल्ली खरी असली तरी दार उघडत नाही. डेटाबेसमध्ये शेवटची तारीख उलटलेल्या खात्यांची यादी रोज काढून त्यांच्या उघड्या जोडण्या तोडणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. सहा वेगळ्या याद्यांवर अशी स्क्रिप्ट लिहायला बसलं तर ती कुणाला विचारणार?

या मांडणीवरचा पहिला आक्षेप अपेक्षित आहे आणि तो वजनदार आहे. डेटाबेस बंद पडला तर मेल, वाय-फाय, फाइली सगळं एकदम बंद. खरं आहे. पण याचं उत्तर याद्या पुन्हा वेगळ्या करणं हे नाही. मुख्य डेटाबेसच्या वाचण्यापुरत्या प्रती प्रत्येक सर्व्हरवर ठेवता येतात. सेवा आपल्याच यंत्रावरच्या प्रतीला विचारते, आणि मुख्य सर्व्हर काही तास नसला तरी लॉगिन चालू राहतं. थांबतं ते फक्त नवं खातं उघडणं आणि पासवर्ड बदलणं. रूटचं आणि व्यवस्था सांभाळणाऱ्यांचं खातं मात्र कधीही डेटाबेसवर सोडू नये, ते यंत्राच्या स्वतःच्या फाइलीतच असावं आणि शोधाच्या क्रमात फाइल आधी असावी. हे सुरक्षिततेपुरतं नाही. डेटाबेसचा प्रोग्रॅम स्वतःसुद्धा एका युझरच्या नावाने चालतो. यंत्र चालू होताना त्या युझरची माहिती डेटाबेसकडे मागितली गेली, तर अजून सुरूच न झालेल्या डेटाबेसची वाट पाहत यंत्र अडकून बसतं. काही जण याच भीतीपोटी कॅशे चालू करतात, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतात. इथे सावध राहावं. डव्हकॉटचा कॅशे मुळात बंद असतो, पण चालू केला तर उत्तर न बदलता एक तास धरून ठेवणं हे त्याचं ठरलेलं वर्तन आहे. लॅपटॉपवर वापरला जाणारा एसएसएसडी हा प्रोग्रॅम पासवर्ड जपून ठेवायला सांगितल्यास सर्व्हर न दिसणाऱ्या काळासाठी मुळात कुठलीच मुदत घालत नाही. कॅशेची मुदत म्हणजे खातं बंद केल्यानंतर ते जितका वेळ उघडं राहणार तो वेळ. तो आकडा कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेला असावा.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: सगळे पासवर्ड एका जागी ठेवले तर चोराला एकच तिजोरी फोडायची. 2009 मध्ये रॉकयू या कंपनीच्या डेटाबेसमधून 3 कोटी 20 लाख पासवर्ड गेले, तेही हॅश न केलेले, जसेच्या तसे. 2012 मध्ये लिंक्डइनचे 65 लाख हॅश बाहेर आले, त्यांत सॉल्ट नव्हतं. 1979 च्या लेखात छापून आलेली गोष्ट 33 वर्षांनी एवढ्या मोठ्या कंपनीत झालेली नव्हती. या घटना माझ्या मांडणीविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. मला त्या उलट बाजूने बोलताना दिसतात. टेबल एक असेल तर हॅशची पद्धत एकाच जागी सुधारता येते: 1999 मधलं बीक्रिप्ट घ्या किंवा 2015 च्या स्पर्धेत पहिलं आलेलं आर्गॉन-टू घ्या, माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा त्याचा हॅश नव्या पद्धतीत बदलता येतो. सहा याद्यांत सहा पद्धती असतील, तर त्यांतली सर्वात कच्ची पद्धत चोराला पुरते, कारण माणसं सहाही ठिकाणी तोच पासवर्ड ठेवतात. शिवाय प्रत्येक सेवेला डेटाबेसमध्ये वेगळं नाव द्यावं आणि त्या नावाला व्ह्यू वाचण्यापलीकडे काहीही अधिकार देऊ नयेत. 2009 मध्ये प्रोएफटीपीडीच्या एसक्यूएल मॉड्यूलमध्ये अशी चूक सापडली की युझरच्या नावात टक्क्याचं चिन्ह घालून परक्याला स्वतःची एसक्यूएल आज्ञा चालवता येत होती. अशा वेळी त्या एफटीपी सर्व्हरच्या नावाला डेटाबेसमध्ये काय करता येतं, यावर सगळं नुकसान ठरतं.

या आक्षेपाचा एक भाग मात्र मला मान्यच करावा लागतो. सगळ्या सेवांना एकच हॅश पुरत नाही. पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता फक्त तो माहीत असल्याचं सिद्ध करणाऱ्या जुन्या पद्धतींना, मेलमधलं क्रॅम-एमडीफाइव्ह किंवा डायल-अपच्या काळातलं चॅप यांना, सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्याच्या तोडीचं काही असावं लागतं. साम्बाला आणि वाय-फायच्या प्रचलित पद्धतीला विंडोजच्या धाटणीचा एनटी हॅश लागतो. तो एमडीफोरवर बेतलेला आहे आणि त्यात सॉल्ट नसतं, त्यामुळे दोन माणसांचा पासवर्ड एकच असेल तर हॅशही एकच दिसतो. बीक्रिप्टच्या शेजारच्या रकान्यात त्याच पासवर्डाचा एनटी हॅश ठेवणं म्हणजे बीक्रिप्टचा सगळा फायदा घालवणं. मेलसाठी उत्तर सोपं आहे: जोडणी टीएलएसने झाकावी आणि तिच्या आत पासवर्ड साधाच पाठवू द्यावा, म्हणजे सर्व्हरला हव्या त्या पद्धतीच्या हॅशशी तो ताडून पाहता येतो. वाय-फायसाठी टीटीएलएसच्या आत पॅप ही रीत तेच करते, पण प्रत्येक उपकरणावर ती नीट बसवावी लागते. जिथे ते जमत नाही तिथे वाय-फायचा पासवर्ड वेगळा, यंत्राने बनवलेला असावा, वेगळ्या टेबलात असावा, पण मुदतीच्या तारखा त्याच मूळ टेबलातून याव्यात. ‘एकच पासवर्ड’ ही सोय इथे सोडावी लागली तरी माझं काही बिघडत नाही. बंद करण्याची जागा एकच राहिली, तेवढं मला पुरे.

जाणकार विचारतील की या कामासाठी एलडॅप आहे ना? मिशिगन विद्यापीठातून आलेल्या एलडॅपची पहिली प्रमाण-नोंद 1993 ची. 1998 मध्ये युनिक्सच्या याद्या त्यात कशा ठेवायच्या याचाही आराखडा आला. विंडोजच्या जगात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 पासून आहे. ज्या संस्थेत विंडोजचे शेकडो संगणक आहेत तिने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच वापरावी, यात मला शंका नाही. एसएसएचने सर्व्हरवर येणाऱ्यांसाठीही मी डेटाबेसपेक्षा एलडॅप बरा मानते. त्याचं कारण असं की युझरची माहिती शोधणारं मॉड्यूल यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये शिरतं, साध्या फाइलींच्या यादीनेही डेटाबेसला प्रश्न जातो, आणि त्या मॉड्यूलची कॉन्फिगरेशन फाइल, डेटाबेसच्या पासवर्डासकट, सगळ्या युझरना वाचता यावी लागते. पण मेल, एफटीपी, वेब आणि वाय-फाय यांसाठी डेटाबेस उजवा ठरतो तो एका व्यावहारिक गोष्टीमुळे. विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका बहुतेक संस्थांत आधीच कुठल्यातरी डेटाबेसमध्ये असतात. त्याच तारखा लॉगिनच्या व्ह्यूला जोडणं हे एका ओळीचं काम आहे. एलडॅपमध्ये त्याच तारखा नेत राहणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि असे मधले प्रोग्रॅम बंद पडल्याचं महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक म्हणणं छोट्या कार्यालयांतून ऐकू येतं: आमच्याकडे आठ माणसं, एक सामायिक मेल, तिचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, याला डेटाबेस कशाला? अशा ठिकाणी तर माणूस गेला तरी बंद करायला त्याच्या नावाचं काही नसतंच, आणि पासवर्ड बदलला तर उरलेल्या सातांना तो सांगत फिरावं लागतं, म्हणून तो बदलला जात नाही. पोस्टफिक्समध्ये सामायिक पत्ता हा फक्त टोपणनावांच्या टेबलातली नोंद असू शकतो. ‘लेखा’ या पत्त्यावर आलेली मेल तिघांच्या आपापल्या पेट्यांत जाते, पत्त्याला स्वतःचं लॉगिन नसतं. कायद्याकडूनही आता हीच अपेक्षा आहे. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संवेदनशील व्यक्तिगत माहितीच्या यादीत पासवर्डाला पहिलं स्थान दिलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-व्यवस्थांचे लॉग 180 दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. लॉगमध्ये सहा महिने एकच सामायिक नाव दिसणार असेल, तर त्या सहा तासांत कुणाला काय सांगता येईल?

राहता राहिला प्रश्न हा की शेवटची तारीख टेबलात कुणी भरायची. आजवर ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचं समजलं गेलं आणि म्हणूनच ते होत नाही. माणूस कधी रुजू झाला, कधी बदली झाली, कधी निवृत्त झाला हे आस्थापना विभागाला आधी कळतं, कारण त्याचा पगार तिथे थांबतो. मायएसक्यूएलमध्ये एखाद्याला टेबलातल्या एकाच रकान्यात बदल करण्याची परवानगी देता येते. ती परवानगी आस्थापनेतल्या कारकुनाला द्यावी, त्याच्यासाठी नाव आणि तारीख एवढंच दाखवणारं एक पान करावं, आणि निवृत्तीच्या किंवा कार्यमुक्तीच्या आदेशावर सही होण्याआधी ती तारीख भरल्याची खूण मागावी. पासवर्ड, हॅश, मेलपेटी यांतलं काहीही त्याला दिसण्याचं कारण नाही. ज्यांच्या हाती असे सर्व्हर आहेत त्यांना माझी विनंती आहे की डेटाबेस कुठला घ्यायचा याची चर्चा नंतर करावी. आधी आस्थापनेकडून गेल्या तीन वर्षांत गेलेल्यांची यादी मागवून ती प्रत्येक सेवेच्या युझर-यादीशी ताडून पाहावी, आणि सुरुवात मेलपासून करावी, कारण इतर बहुतेक ठिकाणचा विसरलेला पासवर्ड मेलवरूनच नवा करून मिळतो.